बावीतली म्हातारी

वहिनीच्या घरातलं एकही भांडं आता नितळ राहिलेलं नाही. चहाच्या पातेल्याला आतून पांढरी पुटं, तांब्याच्या हंड्याच्या काठाशी चुन्यासारखी ओळ, नळाच्या तोटीवर काहीतरी वाळून टणक झालेलं. चिंच लावून घासलं की दुपारपर्यंत लखलखीत, आणि दिवेलागणीला परत पांढरं. मागच्या दारच्या कोनाड्यात बाबांचं पितळी फुलपात्र दिसलं तेव्हा मी ते उजेडात नेऊन पाहिलं. आतून बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. याच फुलपात्रानं बाबा साऱ्या वाडीचं पाणी चाखायचे. आता दादा चाखतो. मी ते होतं तसं कोनाड्यात ठेवून दिलं.

मी माहेरी आले होते वहिनीच्या मोतीबिंदूसाठी. ऑपरेशननंतर तिनं वाकायचं नाही, चुलीच्या धगीशी बसायचं नाही, डोळ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. भाचा मुंबईला, त्याच्या बायकोला रजा नाही, म्हणून मग मी. लग्नानंतर मी अलोऱ्याला, धरणाच्या प्रकल्पाच्या वसाहतीत गेले आणि तिथलीच होऊन राहिले. माहेरी येणं म्हणजे सणाला, एखाद्या लग्नाला, एक-दोन दिवसांचं. गडबडीत कोण बघतंय पाण्याकडे? या खेपेला मात्र चूल माझ्या हातात आली आणि पहिल्याच सकाळी चहा फाटला.

दूध नासलं असेल म्हणून मी दुसरं दूध घेतलं. तो चहाही फाटला. काळ्या चष्म्याआडून वहिनी म्हणाली, "दूध मागनं वरनं घाला, वन्सं. आधणात नको. आमच्याकडे आता तसाच करत्यात." मी नळाखाली ओंजळ धरली आणि एक घोट घेऊन मोरीत थुंकले. पाणी मचूळ होतं. मचूळ म्हणजे धड खारं नाही, धड गोडं नाही. जिभेच्या कडांना चिकटून राहणारं, गिळल्यावर घशात मागे उरणारं. मला धास्ती वाटली.

पाण्यासाठी नव्हे, दादासाठी. दादाला रक्तदाब आहे, आणि हल्ली संध्याकाळी त्याच्या पायांवर सूज चढते. अंगठ्यानं दाबलं तर खळगा तसाच राहतो. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. आमचा दादा हट्टी खरा, पण एकदा ठरवलं की ठरवलं. लोणच्याची बरणी त्यानं स्वतःच्या हातानं शेजारी देऊन टाकली. पापड नाही, सुकट नाही, भाताच्या पेजेत मिठाचा खडासुद्धा नाही. ज्या माणसाचं सुक्या जवळ्याच्या चटणीवाचून पान हलत नसे, तो सपक आमटी भुरकून "झकास" म्हणतो आणि वर तांब्याभर बावीचं पाणी पितो. तो पाणी पिताना मी त्याच्या गळ्याची घाटी वर-खाली होताना बघत राहिले. 

आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. मालगुंडच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमची वाडी. एका अंगाला सुरूचं बन आणि त्याच्या पलीकडे समुद्र, दुसऱ्या अंगाला चढत गेलेला कातळ. मधल्या चिंचोळ्या पट्टीत माडपोफळी, घरं आणि सगळ्यांत मिळून एक बाव. वरची बांधणी जांभ्याची, खाली काळा दगड. श्रावणात पाणी इतकं वर यायचं की काठावर बसून पाय बुडवावेत. तेव्हा त्याला शेवाळाचा आणि कुजलेल्या सुपारीच्या सालांचा वास असे, आणि बांधणीच्या फटीफटीतून नेचे डोकावत. दसऱ्यानंतर ते निवळायचं. थंडीत पहाटे बावीवर वाफ दिसायची; आई कळशी उपसून आमच्या पायांवर ओतायची आणि ते पाणी कोमट असायचं, याचं मला दर सकाळी नव्यानं आश्चर्य वाटायचं.

रहाटाचा आवाज हेच आमचं घड्याळ होतं. काथ्याचा ओला दोर हाताला खाजायचा आणि त्याचा वास दिवसभर तळव्यांना राहायचा. उपसलेलं पाणी दगडी डोणीत पडायचं, तिथून पन्हळीनं पोफळीच्या आळ्यांत. शिकेकाईनं न्हाल्यावर आईचे केस इतके मऊ व्हायचे की अंबाडा ठरत नसे. आता मी न्हाले तर साबणाचा फेसच होईना. केस वाळल्यावर हाताला काथ्या लागला.

शिमगा झाला की बाव खाली जायला लागे आणि मग म्हातारी दिसू लागायची. म्हातारी म्हणजे बावीच्या भिंतीतून पुढे आलेला एक काळा दगड. वाकून बसलेल्या बाईसारखा. आधी तिचं डोकं वर यायचं, मग पाठ, मग गुडघे. गुडघे दिसले की बाबा रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी, चहाच्या आधी, फुलपात्रभर पाणी काढून चाखायचे. पाणी तोंडात धरून डोळे मिटायचे. आम्ही सगळे गप्प. मग ते गिळायचे, आणि अंगणात उभं असलेलं कुणीतरी विचारायचं, "काय म्हणतं पाणी?" बाबा म्हणायचे, "गोड." तेवढ्यावर वाडीचा दिवस सुरू व्हायचा.

आणि वैशाखात कधीतरी एका सकाळी बाबा न बोलता उठायचे, कोयत्यानं माडाची एक हिरवी झावळी तोडायचे आणि रहाटावर आडवी टाकायचे. झावळी पडली की बाव बंद. कुणी का म्हणून विचारत नसे, वाद घालत नसे. ज्याच्या घरी मंगळवारी लग्न, तोसुद्धा सोमवारी पडलेल्या झावळीला हात लावत नसे. मग पाऊस धरेपर्यंत प्यायचं पाणी कातळाखालच्या झऱ्यावरून आणायचं. म्हातारीचे पाय कधी उघडे पडू द्यायचे नाहीत, असा आमच्या वाडीचा नेम होता. तिच्या पायांखाली समुद्र आहे, असं सगळे म्हणत.

मला ते शब्दशः खरं वाटायचं. मी मुळात भित्री. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस" हे दादा मला उठता-बसता ऐकवायचा, पण त्याचा ब्रह्मराक्षस मला ठाऊक होता. तो बावीत राहत होता. एकदा पाणी खूप खाली गेलं असताना बाबांनी मला कमरेला धरून कठड्यावर वाकवलं आणि म्हणाले, "ऐक." खालून घूं घूं असा आवाज येत होता. बाहेर समुद्राला भरती होती, त्याचाच घुमारा असेल. पण मला वाटलं, तो खाली दबा धरून बसलाय, आणि त्याच्या डोक्यावर आपलं प्यायचं पाणी म्हणजे नुसतं एक पातळ पांघरूण आहे. त्याच वर्षी शाळेत गुरुजींनी सांगितलं की आपल्याकडचा काळा दगड म्हणजे एके काळी वाहिलेली आग आहे, थिजून दगड झालेली. झालं! वर आम्ही, खाली पाणी, त्याखाली समुद्र आणि भोवती थिजलेली आग. मी कितीतरी दिवस अंगणातून चालताना पाय हळू टाकत असे. आईला वाटलं, पायात काटा मोडलाय.

पण मोठ्या माणसांनाही भीती वाटते हे मला वाघ पडला त्या सकाळी कळलं. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. आई कळशी घेऊन बावीवर गेली आणि दोर सोडताच खालून गुरगुर आली. कळशी तिथंच टाकून ती घरात आली, तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता. सगळी वाडी जमली. लांबून, एकमेकांना धरून, माणसं डोकावत होती. वाघ म्हातारीच्या पाठीवर बसला होता, भिजलेला, अंग चोरून. वर बघताना त्याचे डोळे पिवळे दिसले, आणि तो वास, ओल्या केसांचा आणि उग्र, बावीतून वर येऊन माडाखाली साचून राहिला. पुरुषांनी पोफळीचं लांब खोड दोरांनी खाली सोडलं आणि सगळे घरांत शिरून दारं लावून बसले. दाराच्या फटीतून मी त्याला वर येताना पाहिलं. तो कठड्यावर क्षणभर उभा राहिला आणि कातळाकडे गेला.

खरा तंटा नंतर झाला. बाव बाटली, आता ती तळापर्यंत उपसून काढायला हवी, असं वाडीतल्या जुन्या माणसांचं म्हणणं. वाघ दिवसभर पाण्यात होता, काय काय केलंन असेल! बाबा ऐकेनात. म्हातारीच्या पायांपर्यंत उपसू, खाली थेंबभर नाही. आवाज चढले. एकजण म्हणाला, "मेलेलं जनावर पडलं तर तळ गाठतातच की सगळीकडे." बाबा कठड्यावर हात ठेवून उभे होते, आणि खाली बघायचं टाळत होते, हे मी जवळ असल्यामुळे मला दिसलं. ते म्हणाले, "वाघ काढलात. समुद्र आला तर तो कसा काढाल?" तेव्हा वाद मिटला. पायांपर्यंतच उपसली, वर झावळी टाकली, आणि पुढचं काम पावसानं केलं.

आता बावीवर रहाट आहे, पण त्याला दोर नाही. पंप बसलाय. पाणी कातळावरच्या टाकीत चढतं आणि तिथून घराघरांत नळानं उतरतं. नळ आले तेव्हा सगळ्यांना आनंद झाला होता. मलाही झाला होता, आईची कंबर त्या दोरानं गेली होती. पंपाचं नळकांडं म्हातारीच्या पायांच्याही खाली उतरलंय. मी कठडा धरून वाकले तर म्हातारी डोक्यापासून पायांपर्यंत उघडी, आणि पायांखाली आणखी पुरुषभर भिंत, जिथं मी जन्मात कधी भिंत पाहिली नव्हती. त्या भिंतीवर पांढरे ओघळ होते. मी पटकन मागे झाले.

पंपाची चावी दादाकडे असते. बाबांच्या मागे चाखण्याचं काम त्याच्याकडे आलं, म्हणून चावीही. तो अजून तसाच उठतो, फुलपात्र घेतो, डोळे मिटून घोट तोंडात धरतो. कुंपणापलीकडून शेजारचा अनंता विचारतो, "काय म्हणतं पाणी, दादा?" दादा म्हणतो, "गोड." मग तो पंपाच्या खोलीत जाऊन पंप सुरू करतो. पहिल्या दिवशी हे सगळं बघताना माझे डोळे भरून आले होते. सगळं किती तसंच राहिलंय, असं वाटलं होतं. चहा फाटला तो त्यानंतर.

मी दादाला सरळ सांगितलं. माझ्या अंगात आडून बोलण्याची कला नाही. "दादा, पाणी मचूळ झालंय."

त्यानं वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. "कुणी सांगितलंन?"

"माझ्या जिभेनं."

"तुझ्या जिभेला अलोऱ्याचं पाणी लागलंय. धरणाचं, मऊ. तुला सगळंच खारट लागणार. या घरची जीभ नाय राहिली तुझी आता." तो हसत म्हणाला, थट्टेनं म्हणाला, पण ते मला लागलं. माहेर तुटतं म्हणतात ते असं, हसता हसता.

"मग बाटली भरून तपासायला देऊ रत्नागिरीला."

आता मात्र त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "आपल्या बावीचं पाणी बाटलीत घालून लोकांना दाखवायचं? आवशीच्या दुधाची परीक्षा घेत्येस काय गो?" विषय संपला. त्याच्या कपाळावरची शीर फुगली होती, आणि ती बघून मीच घाबरून पाणी पी म्हणाले. तो उठला आणि त्याच माठातलं भांडंभर पाणी प्याला.

संध्याकाळी मी वहिनीला विचारून विचारून स्वयंपाक करत होते. आमटीत मीठ किती घालू, दोघींपुरतं? ती म्हणाली, "घालू नका."

"दादाची वेगळी काढलीय."

"तसं नाय, वन्सं. आपल्यातही नको. मीठ घातलं की हल्ली जास्तच होतं. आमटीला लागतच नाय." मग आवाज उतरवून म्हणाली, "मला कळतं हो. डाळ शिजत नाय, ते काय मला दिसत नाय? पण त्यांना सांगायचं कुणी? बाबांनी जाताना एवढी एकच गोष्ट हाती दिलनी. तीसुद्धा गेली म्हणून सांगू?" काळ्या चष्म्याखालून तिच्या गालावर ओघळ आला. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नव्हतं. मी पदरानं गाल टिपला, डोळ्याला न लागता.

अनंताकडे वाटी परत द्यायला गेले तेव्हा त्याच्या बायकोनं पाणी दिलं. घोट घेतला आणि थांबले. ते पाणी गोडं होतं. बाजारचं, पण गोडं. स्वयंपाकघराच्या दाराआड जुन्या लुगड्यानं झाकलेलं काहीतरी उभं होतं, आणि लुगड्याखालून निळं प्लास्टिक दिसत होतं. मोठा जार. मी बघितलं हे अनंतानंही बघितलं. माणूस साठीचा, पण चोरी पकडलेल्या पोरासारखा तोंड पाडून उभा राहिला.

"सगळ्यांकडे हाय ताई. टेम्पो खालच्या वाटेनं येतो, दादांच्या घरावरनं नाय येत."

"आणि सकाळी विचारतोस ते?"

"विचारायला तर हवंच ना. नाय विचारलं तर त्यांच्या जिवाला लागंल. तू सांगू नको हां त्यांना."

मी तिथून निघाले आणि वाटेत माडाला टेकून उभी राहिले.  सगळी वाडी दादाला मान देत होती, आणि त्या मानापायी तो एकटाच ते पाणी पीत होता. त्याच्यामागे त्याची बायको. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग मी अक्कल चालवली. अनंताकडून कळशीभर पाणी आणून दादाच्या माठात ओतलं. म्हटलं, कळणारही नाही. जेवताना दादानं भांडं तोंडाला लावलं, घोट घेतला, तोंडात घोळवला आणि उठून मोरीत थुंकला.

"कुठलं गो पाणी हे?"

"का?"

"अळणी लागतंय."

 त्यानं माठ उचलून अंगणात जास्वंदीला ओतला आणि नळाखाली धरून पुन्हा भरला. अळणी! मीठ सोडलेला माणूस, आणि त्याला गोडं पाणी अळणी लागत होतं.

त्या दिवसांत मला सारखा तो झरा आठवे. झावळी पडली की आई आणि वाडीतल्या बायका उन्हं उतरल्यावर कळशा घेऊन निघायच्या आणि मी आईच्या लुगड्याचा सोगा धरून मागे. कातळावर दिवसभराची ऊब तळपायाला लागायची. करवंदीच्या जाळ्यांत काही खसपसलं की बायका मोठमोठ्यानं बोलायला लागायच्या. वाघ आवाजाला भितो म्हणे. झरा म्हणजे काय, दगडाच्या कपारीतून करंगळीएवढी धार. कळशी भरेपर्यंत कुणाची सून, कुणाचं गर्भारपण, सगळं बोलून व्हायचं. त्या पाण्याला कशाचीच चव नव्हती. आई पहिली ओंजळ मला द्यायची आणि विचारायची, "कसं आहे?" मी म्हणायची, "कसंच नाही." सगळ्या बायका हसायच्या. तो वास, तापलेल्या दगडावर सांडलेल्या पाण्याचा, मला पुढे कुठंच मिळाला नाही. तिकडची वाट आता रानानं बुजलीय म्हणतात. धार आहे की नाही, कुणाला माहीत नाही. बघायला कुणी गेलेलं नाही.

येताना मी सोबत आणलेल्या पाण्याच्या बाटल्या संपल्या होत्या. दादासमोर जार आणवण्याची माझी हिंमत नव्हती. चहा त्याच पाण्याचा, भात त्याच पाण्याचा, आणि माहेरी बसून माहेरच्या पाण्याला नाक किती दिवस मुरडणार? तहान लागली की मीही माठातलं घेऊ लागले. आधी नाक दाबून, मग घाईघाईनं, मग कामाच्या नादात. वहिनीचा डोळा निवळत होता, दादाच्या पायांची सूज मात्र आता सकाळीही उतरेनाशी झाली होती. चपलेचे पट्टे त्यानं सैल केले आणि म्हणाला, "चपलाच आखडल्यात उन्हानं." मी हसले. हसावंच लागलं.

मी ठरवलं, सकाळी त्याच्या आधी उठायचं, त्याचंच फुलपात्र घ्यायचं, त्याच्यासारखंच चाखायचं, आणि तो आला की तिथंच, बावीवर, पाणी कसं आहे ते त्याला एकेक घोट घेत सांगायचं. म्हणायचं, हे बघ, इथं जिभेच्या कडेला लागतं. इथं घशाशी उरतं. माझ्या तोंडाकडे बघून तरी त्याला कळेल.

उजाडलं होतं. सुरूच्या बनातून समुद्र ऐकू येत होता. मी दोरीला डबा बांधून बावीतून पाणी काढलं, फुलपात्रात घेतलं, डोळे मिटले आणि घोट तोंडात धरला. जिभेच्या कडांना काही लागेना. गिळला. घशात काही उरलं नाही. पुन्हा एक घोट घेतला, आणखी एक घेतला. पाणी गोड होतं. थंडगार, नितळ, लहानपणी होतं तसं गोड.

मी आयुष्यात पुष्कळ घाबरलेय. वाघाला घाबरले, बावीतल्या घुमाऱ्याला घाबरले, बाळंतपणाला, अलोऱ्यातल्या भूकंपाच्या धक्क्यांना. पण त्या सकाळी हातात ते पितळी फुलपात्र धरून मी जशी घाबरले तशी कधीच नाही. म्हातारीकडे बघितलं. तिचे पाय उघडे होते, खाली पांढरे ओघळ तसेच होते. पाण्यात काहीही बदललं नव्हतं.

कोयता पडवीतच होता. अंगणातला ठेंगणा माड हाताला येतो. त्याची एक हिरवी झावळी मी तोडली. नीट तोडता आली नाही, बरीच ओढाताण झाली. आमच्या घरात कुठल्या बाईनं हे कधी केलं नव्हतं. ओढत नेऊन ती रहाटावर आडवी टाकली आणि डोणीच्या कडेवर बसले.

दादा नेहमीसारखा आला. एका हातात चावी, दुसरा कोनाड्यात फुलपात्र चाचपून रिकामा आलेला. झावळी बघून तो जागीच थांबला. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याचा हात झावळीकडे गेलाच नाही.

"कुणी टाकलीन ही?"

"मी."

"चाखलंस?"

"चाखलं."

"तुला सांगितलंय ना मी, तुझी जीभ या घरची—"

"झाली, दादा," मी म्हणाले. "या घरची झाली. गोड लागलं पाणी. म्हणूनच टाकली."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याच्या चेहऱ्यावर ते उतरताना मी पाहिलं, आणि वाटलं, नको होतं सांगायला. तो माझ्याशेजारी डोणीवर बसला. सुजलेले पाय समोर पसरले आणि त्यांच्याकडे, दुसऱ्या कुणाचे असावेत तसा, बघत राहिला. कुंपणापलीकडे अनंता येऊन उभा होता. त्यानं झावळी बघितली आणि रोजचा प्रश्न त्याच्या तोंडातच राहिला.

"मग आता चाखायचं कुणी गो?" दादा हळूच म्हणाला.  मी त्याचा हात धरला. 

आतून वहिनीची हाक आली, "उठलात काय सगळी? चहाचं आधण आज मी ठेवू?"

दादा चावी मुठीत आवळून बसला होता. "थांब," तो म्हणाला. आवाज तिच्यापर्यंत पोचलाच नसता, म्हणून त्यानं पुन्हा, मोठ्यानं म्हटलं, "थांब जरा. ते पाणी नको घेऊस."